आडवं न आलेलं कुत्रं

आर. के. पुरम, नवी दिल्ली
३ जानेवारी २०२५

चि. निधी,

फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस, त्यामुळे पोस्टखात्याला बरे दिवस आले आहेत. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आईकडून लिहून घेतला. माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच परत पाठवशील अशी भीती होती. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, दिल्लीत वाढवल्याचा दोष आमचा. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर आईला विचार, मला विचारणार नाहीस हे दिसतंच आहे.

तुझे आभार मानायला लिहितो आहे. हे वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. राग अजून गेलेला नाही, आणि ज्याच्यावर राग आहे त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे मंत्रालयातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नाही.

महिपाल नेगींना हॉस्पिटलातून घरी सोडलं. मांडीचं हाड जुळतं आहे. डॉक्टर नेगींच्या बायकोला म्हणाले की, रस्त्यावर कुणी तरी तो पाय न हलवता धरून ठेवला म्हणून बरं झालं, नाही तर लोक ओढून रिक्षात कोंबतात आणि उरलंसुरलं मोडून ठेवतात. ते कुणी तरी म्हणजे तू. ओढणी रस्त्यावर टाकून तू त्यांच्या डोक्याशी बसली होतीस आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडत होतीस, "भैया, हाथ मत लगाओ, एम्बुलन्स आ रही है!" मी आणि विलासकाका त्या वेळी बंपर बघत होतो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, राहू दे.

म्हणून आभार. मनापासून.

आता राग. पोलिसांपुढे "बाबा ने जान-बूझकर ब्रेक मारा" असं सांगायची तुला काय गरज होती? मागून जो धडकतो त्याची चूक, हे दिल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. अंतर ठेवायचं काम मागच्याचं. शिवाय तो माणूस स्कूटर घेऊन मोतीबागेपासून माझ्या गाडीच्या मागे लागला होता. हॉर्न, हॉर्न आणि हॉर्न. डावीकडून येतो, उजवीकडून येतो, दिवे मारतो. आफ्रिका अ‍ॅव्हेन्यूवर मी पुन्हा त्याच्या पुढे गेलो, तेवढ्यात कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. मी शिस्तीत निवेदन तयार केलं, विलासनं मुकाट्यानं सही केली. तू मात्र तो कागद वाचून जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवलास आणि उठून गेलीस.

त्यावर मी जे बोललो ते बोललो. "या घरात राहायचं तर" पासून सुरू होणारं वाक्य बापानं पूर्ण करायचं नसतं, हे आईनं मला नंतर सांगितलं. तोवर तू पुण्याची बदली मागून मोकळी झाली होतीस.

थंडी फार आहे. तुझी रजई आई उन्हात घालते, रोज.

तुझा
बाबा


१८ जानेवारी २०२५

चि. निधी,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे आमचं बरं चाललं आहे असं मी धरून चालतो.

दोन गोष्टी घडल्या. एक हसण्याची आहे, ती आधी सांगतो.

चौकशी करणाऱ्या सब-इन्स्पेक्टर बाईंनी मला आणि विलासला ठाण्यात बोलावलं. पोरगेलीच आहे, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. तिनं आमची दोन्ही निवेदनं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, गाड़ी में स्टीयरिंग दो थे क्या?"

मला काही कळेना. मग तिनं वाचून दाखवलं. माझ्या निवेदनात होतं, "अधोहस्ताक्षरी उक्त वाहन मर्यादित गति से चला रहा था, तभी एक भूरे रंग का कुत्ता सामने आ गया." विलासच्या निवेदनातही तेच. अगदी तेच! माझा मसुदा त्यानं स्वतःच्या हातानं उतरवून काढला, खाली आपली सही ठोकली आणि गाडी आपणच चालवत होतो असं लिहून बसला. मी मसुदा करायचा आणि विलासनं एक अक्षर न वाचता पुढे पाठवायचा, हे आमच्या सेक्शनमध्ये इतकी वर्षं चालत आलं आहे. त्याची कधी हरकत नसते. ठाण्यातही नव्हती.

विलास घामाघूम झाला. म्हणाला, "मॅडम, मैं तो पीछे बैठा था. ॲक्चुअली मेरी आँख लग गई थी." बाई म्हणाल्या, "अच्छा, तो सोते-सोते कुत्ते का रंग भी देख लिया?"

बाहेर आल्यावर विलास मला म्हणाला, "पद्माकर, अरे यार, निधीचंच बरोबर होतं." आणि बसनं घरी गेला. माझ्या गाडीत बसला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती हसण्याची नाही.

संक्रांतीला आई नेगींकडे तिळगूळ घेऊन गेली. मला न विचारता. ज्यांच्याशी बिनसलं त्यांच्याकडे संक्रांतीला आधी जायचं, ही तिच्या माहेरची रीत तुला माहीत आहे. वकील प्रतीकला हे कळल्यावर त्यानं डोक्याला हात लावला. "काकू, आरोपीची बायको फिर्यादीच्या घरी मिठाई घेऊन जाते, याला कोर्टात काय म्हणतात माहितेय? साक्षीदार फोडणं!" आई म्हणाली, "तिळगूळ आहे रे तो, मिठाई नव्हे."

तर नेगींनी तिळगूळ घेतला. ते मुनिरक्याच्या एका शाळेत संगीत शिकवतात. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी आईला विचारलं, "बिटिया ठीक है? दरवाज़ा उसी की तरफ़ का खुला था."

निधी, तुझ्या बाजूचं मागचं दार नीट लागलेलं नव्हतं. आपल्या जुन्या गाडीचा दार उघडं असल्याचा दिवा कधीचा गेलेला आहे, मीच करून घेऊ म्हणत राहिलो. तू कानात ते गाण्यांचं यंत्र घालून दाराला टेकून बसली होतीस. तो माणूस मोतीबागेपासून हॉर्न वाजवत होता तो तेवढ्यासाठी. डावीकडून येत होता तो हात करून दाखवायला. मला वाटलं मला दाबतो आहे. मी म्हटलं, थांब, दाखवतोच तुला.

आई हे सांगून स्वयंपाकघरात गेली. तुला माहीत होतं का हे? की तू फक्त ब्रेक पाहिलास आणि ब्रेकबद्दल बोललीस?

नेगींचे आभार मानायला मला जाता येत नाही, प्रतीकनं बजावलं आहे. तेव्हा त्यांचेही आभार तुलाच सांगतो. ज्याच्या हॉर्नमुळे मी संतापलो तो माझ्या मुलीसाठी ओरडत होता.

बाबा

ता. क. कुत्र्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन.


१० ऑगस्ट २०२५

चि. निधी,

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांनी, एवढं लहान! "नेगी अंकल चालायला लागले का? तुम्ही गाडी चालवता का? आईला सांगा, रजई इथे नको, इथे थंडी नसते." एक अक्षर चुकलेलं नाही. आईनं ते पत्र शेजारच्या वीणाकाकूंना वाचून दाखवलं, मग मी परत मागून घेतलं.

नेगी काठी घेऊन चालतात. शाळेत जायला लागले. मी गाडी चालवत नाही. परवाना पोलिसांनी जमा केला आहे, पण खरं म्हणशील तर त्याआधीच सोडली होती. बसनं केंद्रीय सचिवालयापर्यंत आणि पुढे पायी. मला चालताना बघून ऑफिसातले लोक वाट वाकडी करतात, आणि काही उगाच जास्त गोड बोलतात.

आरोपपत्र दाखल झालं. बेदरकारपणे गाडी चालवणं, आणि त्यातून गंभीर दुखापत. दुसऱ्या कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. प्रतीक म्हणतो, नशीब समजा, मारायच्याच हेतूनं ब्रेक लावला असं कुणी म्हटलं असतं तर याहून जड कलमं लागली असती. तुझ्या जबाबात तू म्हणालीस की बाबांना धडा शिकवायचा होता, मारायचं नव्हतं. बाईंनी तो शब्द तसाच उतरवून घेतला आहे. मी तुझ्यावर चिडलेलो असताना तू माझ्यासाठी तेवढा शब्द नीट निवडलास, हे मला आरोपपत्राची प्रत वाचताना कळलं. मी मसुदे लिहिणारा माणूस आहे, एका शब्दाची किंमत मला कळते. थँक यू, बेटा.

आणि आणखी एक. वाहन चालवण्याचे जे नियम मी सगळ्यांना ऐकवत होतो, ते मी शेवटी बसून वाचले. मागच्यानं अंतर ठेवावं हे त्यात आहेच. सुरक्षेसाठी गरज असल्याशिवाय पुढच्यानं एकदम ब्रेक दाबू नये, हेही त्यातच आहे. जन्मभर नियमावर बोट ठेवून लोकांच्या फायली परत पाठवल्या, आणि स्वतः मात्र सोयीचं तेवढंच वाक्य वाचून थांबलो.

आता कुत्रं. नव्हतं, निधी. कुठलंही कुत्रं नव्हतं. मला ते निवेदनात हवं होतं म्हणून मी घातलं, आणि विश्वास बसावा म्हणून त्याला रंग दिला. गंमत अशी की लिहिल्यावर मला ते हळूहळू दिसायला लागलं होतं. शेपटी कशी होती तेही. तूही त्या कागदावर सही केली असतीस तर मी मरेपर्यंत ते कुत्रं पाहिल्याचं शपथेवर सांगितलं असतं, आणि नेगी काठी टेकत आरोपी म्हणून कोर्टात उभे राहिले असते. मागून धडकले ना!

हे सगळं मी प्रतीकला सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही." त्याच्या सांगण्यावरून मी कोर्टात गुन्हा नाकबूल करणार आहे. पुढच्या मे महिन्यात निवृत्ती आहे. शिक्षा झाली तर खात्याची कारवाई, पेन्शनवर गदा, आईचं पुढचं आयुष्य. तुला हे पटणार नाही. मलाही पटतंय असं नाही.

बाबा


१ फेब्रुवारी २०२६

चि. निधी,

तुला समन्स मिळालं असेल. सरकारी पक्षाची साक्षीदार म्हणून सोळा तारखेला पतियाळा हाउस कोर्टात. आई तेव्हापासून तुझी खोली झाडते आहे. कोणत्या कारणानं येतेस याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मला आहे. म्हणून हे पत्र.

परवा प्रतीक घरी आला. विलास "झोप लागली होती" म्हणून मोकळा झाला. नेगींनी मागून नुसते ब्रेकचे दिवे पाहिले, माझ्या मनात काय होतं ते त्यांना दिसलं नाही. राहिलीस तू. प्रतीक म्हणाला, "काका, पूर्ण केस निधीवर उभी आहे. ती हलली की केस गेली."

मी विचारलं, "हलली म्हणजे?"

"म्हणजे बघा, तिचं तुमच्याशी पटत नाही. घर सोडून गेलीय. तुमचा नंबर ब्लॉक केलाय, हे तुम्हीच सांगितलंत मला. बापावर राग धरून बसलेली मुलगी, एवढंच दाखवायचं. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. पॉइंट्स लिहून द्या, क्रॉसमध्ये मी बघतो. बिल्कुल टेन्शन घेऊ नका."

मुलगा वाईट नाही. त्याचं काम करतो आहे. आई चहा घेऊन आली होती, तिनं तो ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी मुद्दे लिहायला बसलो. हो, बसलो. तुझ्यापासून लपवत नाही. मसुदा म्हटलं की माझा हात आपोआप चालतो. "साक्षीदार हट्टी स्वभावाची आहे." हे सोपं गेलं, दाखले भरपूर. "साक्षीदार वडिलांना उलट बोलते." हेही सोपं. मग प्रतीकला खरा हवा होता तो मुद्दा लिहिला: "साक्षीदारास खोटे बोलण्याची सवय आहे." आणि त्याखाली उदाहरण लिहायचं म्हणून थांबलो.

तू दुसरीत असताना गणिताच्या पेपरात नापास झालीस आणि दारातूनच ओरडलीस, "बाबा, मी फेल!" जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं, मला लाज वाटली होती. मावशीनं आणलेला फ्रॉक तुला आवडला नाही, तर तिच्यासमोर म्हणालीस. महाराष्ट्र सदनातल्या गणपतीत देवयानीकाकूंच्या मोदकांचं सगळे कौतुक करत होते आणि तू म्हणालीस सारण कमी आहे. मी तुला किती वेळा दटावलं असेन, की अगं, थोडं सांभाळून बोलावं. एवढी वर्षं शोधली, एक खोटं सापडलं नाही. सापडायला हवं होतं, माझी पेन्शन त्याच्यावर होती.

आणि अशा मुलीला मी पिंजऱ्यात उभं करून एका वकिलाकडून विचारून घेणार होतो की तू बापाचा सूड घेते आहेस ना? तू खरंच सांगितलं असतंस. ठामपणे सांगितलं असतंस, आणि मग बाहेर येऊन रडली असतीस. ते मला बघायचं नाही. मी तो कागद फाडला.

उद्या प्रतीकला सांगणार आहे. तो चिडेल.

तू लगेच काही करू नकोस. तिकीट काढलं असशील तर राहू दे, रद्दही करू नकोस. मी कळवतो.

बाबा


१२ फेब्रुवारी २०२६

चि. निधी,

काल मी गुन्हा कबूल केला.

प्रतीकच्या शेवटपर्यंत मनात नव्हतं, तरी बरोबर आला. तारीख अलीकडे घ्यावी म्हणून त्यानंच अर्ज केला. मॅजिस्ट्रेटबाईंनी दोनदा विचारलं की याचा परिणाम काय होईल ते कळतंय ना, कुणाच्या दबावाखाली तर बोलत नाही ना. मी आयुष्यात पहिल्यांदा मसुद्याशिवाय बोललो. हिंदीत बोललो, आणि तुला ऐकून हसू आलं असतं इतकं वाईट बोललो. म्हटलं, "मैडम, कोई कुत्ता नहीं था. मुझे ग़ुस्सा आया था. मैंने उनको सबक़ सिखाने के लिए ब्रेक मारा. मेरी बेटी ने जो कहा है, वही सच है."

नेगी मागच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर प्रतीकनं मला अडवलं नाही. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि दाराबद्दल आभार मानले. ते म्हणाले, "बिटिया को कहिए, मैं सुबह पार्क तक चल लेता हूँ." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मी विचारलंही नाही. पण काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी माझा हात हातात घेतला.

शिक्षा पुढच्या तारखेला. वय, आधीचा गुन्हा नाही, कबुली, हे पाहून कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, असं प्रतीक म्हणतो. नाहीही सोडणार. खात्याला मी लेखी कळवलं आहे, त्यांना जे करायचं ते करतील. आई म्हणाली, "कमी खाऊ." आणि एवढं बोलून रात्री श्रीखंड केलं. काय म्हणायचं तिला?

मला मात्र एवढं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सकाळी बसस्टॉपवर उभा होतो. मागून एक गाडी हॉर्न मारत आली आणि मी दचकलो नाही. हे सगळं तुझ्यामुळे. तू ते निवेदन पालथं ठेवून उठलीस तेव्हा मला वाटलं पोरीनं बापाला बुडवलं. निधी, त्या टेबलावर माझ्या बाजूनं तू एकटीच होतीस. हे मला वेळेवर कळलं नाही. तुझे उपकार मी फेडू शकत नाही, आणि बापानं मुलीचे उपकार मानू नयेत असं कुणी म्हणत असेल तर त्याला म्हणू दे.

आता महत्त्वाचं. मी कबुली दिल्यामुळे साक्षीपुराव्याची गरज उरली नाही. तुझं समन्स रद्द झालं, तसं तुला ठाण्यातून कळवतील. सोळा तारखेला तुला कुणी बोलावलेलं नाही. कोर्टाचं काम नाही, सरकारी भत्ता नाही, सही करायचा कागद नाही. दिल्लीला यायला तुझ्याकडे आता एकही कारण शिल्लक नाही.

तरी ये.

बाबा